पाणी मागायचं तर ऑक्टोबरात मागा: छोट्या उद्योजकांसाठी अनुभवातून लिहिलेलं

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत माझं पावडर कोटिंगचं युनिट आहे. सव्वीस माणसं कामाला आहेत. दुचाकीच्या ब्रॅकेटपासून इलेक्ट्रिक पॅनेलच्या दारांपर्यंत जे येईल ते आम्ही रंगवतो. रंगकामाला, त्यातही कोरड्या पावडरला, पाणी कशाला लागतं असं बऱ्याच जणांना वाटतं. पण पावडर मारायच्या आधी पत्रा सात टाक्यांतून जातो. पहिल्या टाकीत तेल सुटतं, दुसरीत धुणं, तिसरीत गंज निघतो, चौथीत पुन्हा धुणं, पाचवीत फॉस्फेटचा थर बसतो, सहावीत पुन्हा धुणं, आणि सातवीत पॅसिव्हेशन, म्हणजे पुन्हा गंज धरू नये म्हणून शेवटचा हात. म्हणजे सातातल्या तीन टाक्या नुसत्या पाण्याच्या. त्या तीन टाक्यांतलं पाणी बिघडलं की पुढचं सगळं बिघडलं.

२०१६ च्या मे महिन्यात ते बिघडलं. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी जात होतं, जायकवाडी धरण मृतसाठ्यात, म्हणजे दारांतून सोडता न येणाऱ्या तळच्या पाण्यावर, गेलं होतं, आणि उच्च न्यायालयाच्या खंडपीठाच्या आदेशाने उद्योगांच्या पाण्यात कपात झाली होती. त्यात सगळ्यात मोठी कपात मद्यनिर्मिती कारखान्यांची होती. मी टँकर लावला. टँकरमध्ये बोअरचं पाणी. आमच्या सुपरवायझरने मीटर बुडवलं आणि म्हणाला, "ताई, सोळाशे पन्नास दाखवायलंय." हा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा; नळाच्या पाण्याचा आमच्याकडे तीनशेच्या आत असतो. तरी काम थांबवणं परवडत नव्हतं म्हणून चालू ठेवलं. ओव्हनमधून निघालेल्या ब्रॅकेटांवर मिठासारखे बारीक पांढरे ठिपके दिसले, आणि नखाने खरवडलं की रंग पापुद्र्यासारखा सुटायचा. अकराशे ब्रॅकेटांचा लॉट परत आला.

त्याच आठवड्यात आम्ही पंचवीस-तीस उद्योजक मिळून निवेदन द्यायला गेलो. निवेदनात एवढंच होतं: उद्योगांचा पाणीपुरवठा तातडीने पूर्ववत करावा. अधिकाऱ्यांनी ते घेतलं, फोटो निघाला, आणि मग ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, माणसांना प्यायला रेल्वेने पाणी चाललंय. धरणात आता आहेच किती? मी देऊ कुठून?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण त्यांचं बरोबर होतं. मे महिन्यात कुणीच कुणाला पाणी देऊ शकत नाही. मे महिन्यात किती पाणी शिल्लक राहणार हे आदल्या ऑक्टोबरात ठरलेलं असतं, आणि ऑक्टोबरात ते कसं ठरवायचं याचे नियम त्याच्याही आधी कायद्यात आणि धोरणात लिहिलेले असतात. आम्ही सगळे चुकीच्या महिन्यात, चुकीच्या दारात, चुकीची मागणी घेऊन उभे होतो.

तेव्हापासून मी हे काम शिकते आहे. आमच्या भागातल्या संघटनांच्या बैठकांना जाते, जनसुनावण्यांना जाते, कागद मागते. जे उपयोगी पडलं ते इथे लिहिते आहे. तुमचं युनिट जालन्यात रोलिंग मिलचं असेल, लातुरात दालमिल असेल, नांदेडला बर्फाचा कारखाना असेल, तरी यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी स्वतःची वही

कुठेही जाण्याआधी स्वतःच्या पाण्याची वही घाला. यावर मी अडून बसते, कारण याशिवाय पुढचं काहीच उभं राहत नाही. साधी दोनशे पानी वही पुरते. रोज सकाळी पहिल्या शिफ्टला मीटरचं रीडिंग, टँकर आला असेल तर किती लिटरचा आणि किती रुपयांचा, पाण्याचा टीडीएस, त्या दिवशी किती माल धुतला, आणि पाण्यामुळे परत आलेला किंवा थांबलेला माल. एवढे पाच रकाने. वर्षभर न चुकता लिहा.

माझ्या पहिल्या वर्षाच्या वहीने मला आधी लाजवलं. आम्ही रोज बारा हजार लिटरच्या आसपास पाणी वापरत होतो, आणि त्यातलं निम्मं तर धुण्याच्या टाक्यांच्या काठावरून वाहून जात होतं. टाकी भरलेली, नळ चालू, कारण "पाणी फिरतं राहिलं पाहिजे." मग एका जाणकाराने उलट्या प्रवाहाची पद्धत दाखवली. धुण्याच्या एका टाकीच्या दोन टाक्या करायच्या. माल घाण पाण्याकडून स्वच्छ पाण्याकडे जातो आणि पाणी स्वच्छ टाकीतून घाण टाकीकडे येतं. नवं पाणी फक्त शेवटच्या टाकीत सोडायचं, तेही बारीक. मधे एक पाइप, दोन टाक्यांच्या उंचीत चार बोटांचा फरक, बस. शेडमध्ये जागा काढायला हँगरची लाइन दीड फूट सरकवावी लागली. आता आम्ही तेवढाच माल पाच-सव्वापाच हजार लिटरमध्ये धुतो.

हे मी एवढं विस्ताराने सांगते, कारण धोरणाच्या चर्चेत पहिला प्रश्न हाच येतो: तुम्ही स्वतः काय केलं? शेतकरी विचारतो, अधिकारी विचारतो, पत्रकार विचारतो. त्यावर वही उघडून दाखवता आली की समोरच्याचा सूर बदलतो. वाया घालवणाऱ्या माणसाने हक्काची भाषा केलेली कुणालाच आवडत नाही, आणि आवडूही नये.

कोण काय ठरवतं

आपल्यातले बहुतेक जण पाण्याची तक्रार एमआयडीसीच्या अभियंत्याकडे करतात. तो बिचारा वितरण सांभाळतो. पाइप फुटला, दाब कमी आला, बिल चुकलं तर त्याच्याकडेच जा. पण धरणातलं किती पाणी कुणाला, हे त्याच्या हातात नाही.

धरणं आणि कालवे जलसंपदा विभागाचे. मराठवाड्यात बहुतेक प्रकल्प गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाकडे आहेत आणि त्याचं मुख्यालय आपल्या छत्रपती संभाजीनगरातच आहे. शेतीची आवर्तनं, म्हणजे कालव्यातून पाणी सोडायच्या पाळ्या, कधी आणि किती द्यायची, ते कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतं. पिण्याच्या पाण्याचं आरक्षण पावसाळा संपल्यावर जिल्हाधिकाऱ्यांच्या पुढाकाराने ठरतं. ठोक पाण्याचे दर, वापराचे हक्क आणि एका खोऱ्यातलं समन्यायी वाटप यासाठी महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आहे. ते २००५ च्या कायद्याने झालं आणि असं प्राधिकरण करणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य होतं. त्याच कायद्यात राज्याचा एकात्मिक जल आराखडा सांगितला आहे, मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालचं राज्य जल मंडळ आहे आणि मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची राज्य जल परिषद आहे. बोअरच्या पाण्यासाठी भूजलाचा २००९ चा वेगळा कायदा आहे. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. टँकरवर चालणाऱ्या युनिटांनी हे आकडे बघायलाच हवेत. टँकर शेवटी कुठल्या तरी गावाच्या पोटातूनच पाणी आणतो.

एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण बैठकीत यावरून भांडण होतं. २००३ च्या राज्य जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योग आणि मग शेती असा क्रम होता. २०११ मध्ये तो बदलला. शेती दुसरी झाली आणि उद्योग तिसरा. आमच्यातले काही जण अजून "तो क्रम परत फिरवा" म्हणतात. मी त्याच्या विरोधात आहे. मराठवाड्यात उभं राहून शेतीच्या आधी आम्हाला पाणी द्या असं म्हणणं मला पटत नाही, आणि ते मिळणारही नाही. आपण विचारायचा प्रश्न वेगळा आहे: तिसऱ्या क्रमांकाला तुटीच्या वर्षी नक्की किती मिळेल, आणि ते आम्हाला कधी कळेल? धरण पन्नास टक्के भरलं तर कपात किती, तीस टक्के भरलं तर किती, हे आधी लिहून जाहीर करा. वीस टक्के कपात होणार हे मला ऑक्टोबरात कळलं, तर मी टाकी बांधते, ऑर्डरी पुढेमागे करते, मालाच्या तारखा ग्राहकाशी बोलून ठरवते. तेच मला २५ एप्रिलला कळलं, तर मी टँकरवाल्याच्या दारात जाते.

आपली मुख्य मागणी हीच ठेवा. लिटर मागत बसू नका. लिहिलेला, आधी जाहीर केलेला आणि सगळ्यांना लागू असलेला नियम मागा.

आकडे एका भाषेत आणा

बैठकीत एक जण टीएमसी (अब्ज घनफूट) म्हणतो, दुसरा दलघमी (दशलक्ष घनमीटर), तिसरा एमएलडी (रोज दशलक्ष लिटर), आणि आपण लिटरमध्ये अडकतो. तेव्हा हे पाठच करा. १ टीएमसी म्हणजे २८.३२ दलघमी. १ दलघमी म्हणजे १०० कोटी लिटर. जायकवाडीचा एकूण साठा १०२.७३ टीएमसी, त्यात मृतसाठा २६ टीएमसीच्या आसपास, आणि उपयुक्त साठा २,१७१ दलघमी म्हणजे ७६.६५ टीएमसी. वर्तमानपत्रात येणारा "जायकवाडी ४० टक्के" हा आकडा उपयुक्त साठ्याचा असतो.

पाठ का करायचं, त्याचं उदाहरण देते. प्राधिकरणाने १९ सप्टेंबर २०१४ ला आदेश दिला. गोदावरीच्या वरच्या धरणांच्या आणि जायकवाडीच्या पाणीवाटपाचा अभ्यास केलेल्या मेंढेगिरी समितीच्या कामावर तो आधारलेला आहे. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा ठरलेल्या मर्यादेपर्यंत, सर्वसाधारणपणे ६५ टक्क्यांपर्यंत, गेला नाही तर नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडायचं, असं त्याचं सूत्र आहे. २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचं तत्त्व मान्य केलं. अलीकडे ही ६५ टक्क्यांची मर्यादा ५८ वर आणावी अशी शिफारस एका अभ्यासगटाने केली आणि त्यावर हरकती मागवल्या गेल्या. ७ टक्के म्हणजे थोडंसंच, असं आमच्या बैठकीत एक जण म्हणाला. मी फळ्यावर गणित मांडलं. २,१७१ च्या ७ टक्के म्हणजे १५२ दलघमी. म्हणजे जवळपास ५.४ टीएमसी. म्हणजे १५,२०० कोटी लिटर. लातूरच्या जलदूत रेल्वेला ५० वाघिणी जोडल्या तेव्हा ती एका खेपेत २५ लाख लिटर न्यायची. त्या हिशोबाने साठ हजारांहून जास्त खेपा. फळ्यावर हे दिसल्यावर सगळे गप्प झाले, आणि त्या संध्याकाळी नऊ जणांनी हरकतीवर सह्या केल्या.

शेतकऱ्याशिवाय जाऊ नका

आमच्याकडे अंबड तालुक्यातला एक मुलगा काम करतो. त्याच्या वडिलांची मोसंबीची बाग होती. २०१२-१३ च्या दुष्काळात मराठवाड्यात हजारो बागा जळाल्या, त्यातच ती गेली. त्यांनी बाग तोडून सरपण केली, पण बुंधे अजून बांधावर पडून आहेत. मी त्यांच्याकडे गेले होते, २०१९ च्या जानेवारीत. चहा झाला आणि ते सरळच बोलले.

"ताई, राग मानू नका. पण तुमच्या कंपन्यांनीच आमचं पाणी नेलं, असं आमचं म्हणणं हाय."

मी म्हटलं, "काका, माझ्या शेडला दिवसाला किती पाणी लागतं ते वहीत आहे. बघा." आणि वही पुढे केली. ते थोडं शिकलेले आहेत. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "आमच्याकडं अशी वही कुणाचीच न्हाई. कालव्याला किती सोडलं आन् आमच्या चारीला किती आलं, कुणी सांगतच न्हाई."

त्या वाक्यावर आमची दोघांची मागणी एक झाली. त्यांना चारीच्या, म्हणजे शेतापर्यंत जाणाऱ्या छोट्या कालव्याच्या, तोंडाशी मोजमाप हवं होतं, मला एमआयडीसीच्या उचलीवर. दोघांनाही आकडे दर महिन्याला जाहीर व्हायला हवे होते. आणखी एक मागणी दोघांची निघाली: वरच्या धरणांतून पाणी सोडायचं असेल तर ऑक्टोबरातच सोडा. नदीचं पात्र ओलं असताना पाणी वाहतं, कोरडं पडलं की पात्रच पाणी पितं, आणि वाटेतल्या बंधाऱ्यांवरच्या मोटारी उरलेलं उचलतात. २०२३ ला ८.६ टीएमसी सोडायचा आदेश ऑक्टोबरअखेर निघाला, पण पाणी प्रत्यक्ष सुटायला नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा उजाडला. उशीर झाला तर शेती, उद्योग आणि गावं, तिघांचंही पाणी वाटेत मुरतं.

म्हणून पुढच्या निवेदनावर उद्योजकांच्या सह्यांखाली शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थेच्या अध्यक्षांची सही घेतली. साहेबांनी तो कागद दोनदा वाचला. तुमच्याकडेही असे लोक आहेत. कामगारांची गावं विचारा. तिथपासून सुरुवात होते.

आणि नाशिक-नगरच्या लोकांना शिव्या देणं बंद करा. तिथेही आपल्यासारखीच छोटी युनिटं आहेत, त्यांनाही तुटीच्या वर्षी काही आधी कळत नाही. नियम राज्यभर एकच असला तर तो त्यांनाही राखतो. सोलापूरच्या यंत्रमागवाल्याला, अमरावतीच्या संत्री प्रक्रियावाल्याला, चंद्रपूरच्या फाउंड्रीवाल्याला हीच अडचण आहे. "मराठवाड्यावर अन्याय" हे खरं आहे, मी तेही म्हणते. पण मुंबईत बसलेल्या सचिवाला सही करायला सोपं पडेल असं वाक्य "सर्व खोऱ्यांसाठी तुटीच्या वर्षाचं वेळापत्रक" असं असतं.

माहितीचा अर्ज

आकडे कुणी आणून देणार नाही. माहितीच्या अधिकारात अर्ज करा. दहा रुपये फी, ऑनलाइनही करता येतो, आणि उत्तराला तीस दिवसांची मुदत. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, हे विसरू नका. माझा पहिला अर्ज पाच विषयांचा होता आणि तो परत आला. आता मी असं लिहिते:

"… औद्योगिक क्षेत्रासाठी … जलाशयातून मंजूर असलेला वार्षिक पाणी कोटा आणि १ जानेवारी २०२३ ते ३१ डिसेंबर २०२४ या कालावधीत प्रत्यक्ष उचललेले पाणी, महिनानिहाय, दलघमीमध्ये, छायांकित प्रतींसह मिळावे."

"का" हा शब्द अर्जात कधीही घालू नका. कारणं विचारली की "ही माहिती अभिलेखात उपलब्ध नाही" असं उत्तर येतं. फक्त कागद मागा: नोंदवही, इतिवृत्त, आदेश, मोजमाप. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करा. बहुतेकदा अपिलाच्या सुनावणीच्या आधीच माहिती मिळते.

वर्षाचं वेळापत्रक

हे मी भिंतीवर चिकटवलं आहे. जूनमध्ये वहीची वार्षिक बेरीज. ऑगस्टमध्ये माहितीचे अर्ज, म्हणजे उत्तरं सप्टेंबरअखेर हातात येतात. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिन असतो, मुख्यमंत्री ध्वजवंदनाला शहरात येतात, आणि कधीकधी त्या सुमारास मंत्रिमंडळाची बैठकही इथेच होते, जशी २०१६ आणि २०२३ ला झाली. त्या दिवशी हजार निवेदनं जातात, त्यामुळे आपलं त्याआधी पंधरा दिवस विभागीय आयुक्तालयात पोचलेलं हवं. सगळ्यात महत्त्वाची तारीख १५ ऑक्टोबर. त्याच्या आधी प्राधिकरण, महामंडळ आणि जिल्हाधिकारी या तिघांना पत्र गेलं पाहिजे आणि तिन्ही प्रतींवर पोचेचा शिक्का हवा. डिसेंबरात नागपूरचं अधिवेशन आणि मार्चमध्ये अर्थसंकल्पाचं. मे महिन्यात आम्ही आता निवेदन देत नाही. मे महिन्यात फक्त नोंदी करतो, कारण पुढच्या ऑक्टोबरचा पुरावा त्या महिन्यात तयार होतो.

कागद कसा असावा

एक पान. दुसऱ्या पानावर कुणी जात नाही. वरच्या तीन ओळींत कोण आहोत आणि किती लोकांना रोजगार देतो. मग एक आकडा, स्वतःच्या वहीतला. मग मागण्या, जास्तीत जास्त चार. आमच्या मागच्या पत्रातल्या इथे देते, तुम्हाला हव्या तशा बदलून घ्या.

"१. उपयुक्त साठ्याच्या प्रत्येक टप्प्याला पिण्याचे पाणी, शेती व उद्योग यांच्या वाटपाचे प्रमाण ठरवून ते दरवर्षी ३१ ऑक्टोबरपूर्वी जाहीर करावे. २. सर्व ठोक वापरकर्त्यांच्या उचलीचे व कालव्यांच्या विसर्गाचे मोजमाप दरमहा संकेतस्थळावर प्रसिद्ध करावे. ३. ऊर्ध्व धरणांतून पाणी सोडण्याचा आदेश झाल्यास त्याची अंमलबजावणी ठरावीक दिवसांत करणे बंधनकारक करावे. ४. औद्योगिक क्षेत्रांना प्रक्रिया केलेले सांडपाणी देण्याचा कालबद्ध कार्यक्रम जाहीर करावा."

चौथ्या मागणीबद्दल थोडं. कांचनवाडीचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र रोज १६१ दशलक्ष लिटर क्षमतेचं आहे आणि वाळूजपासून फार लांब नाही. शहर जसजसं जास्त पाणी घेईल तसतसं सांडपाणीही वाढणार. नव्या योजनेत जायकवाडीहून शहराला २,५०० मिलिमीटर व्यासाची जलवाहिनी आहे. कूलिंगला, फरशी धुवायला, बागेला, आणि नीट प्रक्रिया केली तर माझ्या पहिल्या धुण्याच्या टाकीलाही ते पाणी चालेल. आपण उद्योजक मात्र इथे मागे सरतो, "दर काय पडेल" म्हणतो. दर जरूर विचारा. पण नको म्हणू नका. धरणातला आपला वाटा आपण स्वतःहून कमी करायला तयार आहोत, यापेक्षा वजनदार वाक्य आपल्याजवळ दुसरं नाही.

आमदारांना भेटताना हा एक पानी कागद आणि त्यासोबत विचारायचा प्रश्नच लिहून द्या. "साहेब, विषय मांडा" म्हटलं तर विषय हरवतो. "तारांकित प्रश्नाचा (ज्याला सभागृहात तोंडी उत्तर मिळतं त्या प्रश्नाचा) मसुदा जोडला आहे" म्हटलं की स्वीय सहायक तो फाइलला लावतात. सत्तेतले आणि विरोधातले दोघांनाही द्या, एकाच दिवशी, आणि दोघांनाही सांगा की दुसऱ्यालाही दिला आहे. पाण्याच्या प्रश्नावर मराठवाड्याचे आमदार एकत्र उभे राहतात, पण त्यांच्या हातात तयार कागद लागतो.

जनसुनावणीबद्दल थोडक्यात: प्राधिकरण ठोक पाण्याचे दर ठरवताना सुनावण्या घेतं. लेखी म्हणणं मुदतीच्या आत द्या. मग बोलायला उठा आणि लेखी दिलेल्यातलंच तीन मिनिटांत सांगा. तिथे भाषण करणारा माणूस नोंदीत एका ओळीत संपतो. आकडा देणाऱ्याचा आकडा नोंदीत उतरतो.

बैठकीनंतर

सगळ्यात जास्त कामं इथे बुडतात. बैठक झाली, साहेब "बघू" म्हणाले, चहा झाला, आणि सगळे आपापल्या शेडला. आम्ही आता असं करतो. बैठक संपली की त्याच दिवशी कार्यालयाच्या बाहेरच उभं राहून काय ठरलं ते लिहून काढायचं. दोन दिवसांच्या आत ते पत्राने साहेबांना पाठवायचं: "आपल्या दिनांक … च्या बैठकीत पुढीलप्रमाणे ठरले असे आमच्या नोंदीत आहे. काही दुरुस्ती असल्यास कळवावी." दुरुस्ती क्वचितच येते. पुढच्या वेळी अधिकारी बदललेले असले तरी ते पत्र फाइलमध्ये असतं, आणि नवीन माणूस तिथूनच वाचायला सुरुवात करतो.

वही एकट्याची ठेवू नका. आमच्या लेनमधली चौदा युनिटं आता तोच पाच रकान्यांचा तक्ता भरतात आणि महिन्याच्या पाच तारखेला बेरीज एकत्र करतात. अंबडचे काकाही यात आहेत. आवर्तन सुटलं की ते सकाळी कालव्यावर जातात, मोजपट्टीवर पाणी कितीवर आहे त्याचा फोटो काढतात, आणि मला पाठवतात. चारीला पाणी कोणत्या दिवशी आलं तेही लिहितात. मी तो आकडा आमच्या तक्त्यात सहाव्या रकान्यात भरते. या दसऱ्यानंतरच्या पत्राला तो तक्ता जोडणार आहोत, आणि खाली त्यांची सही पहिली असेल.